बॅग आधी उन्हात

आईचा आवाज अजून कानात आहे. बाबा फिरतीवरून परतले की ती दारातूनच म्हणायची, "बॅग उन्हात, कपडे कढत पाण्यात, मग लेकरू कुशीत!"

माझं बाळ झाल्यापासून ताई फिरकली नव्हती. फोनवर नुसत्या सबबी. आज अचानक दारात उभी!

"या आत्याबाई, वाट चुकलात वाटतं?" बायकोने टोमणा मारलाच.

ताईने बॅग गॅलरीत ठेवली, न्हाऊन आली आणि मगच बाळाला छातीशी धरलं. किती वेळ सोडेचना.

"ताई, एवढी कसली गं रागावली होतीस?"

"राग कसला, वेड्या! जीव तुटत होता इकडे यायला. पण घरभर ढेकूण झाले होते रे, आणि तुला सांगायचीही लाज वाटली. आता पार गेले बघ."