पहिल्या दिवसाचा शिक्का

पोस्टाच्या खिडकीशी काकूंनी बाह्या सरसावल्या आणि शिक्का हातात घेतला. काका शेजारी उभे. त्यांचा उजवा हात बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

नवीन तिकीट निघालं की त्याच दिवशी ते पाकिटावर चिकटवायचं, त्याच तारखेचा शिक्का त्यावर घ्यायचा आणि पाकीट अल्बममध्ये लावायचं, हा काकांचा तरुणपणापासूनचा नाद. एकही तिकीट चुकलेलं नाही. खिडकीवरच्या मॅडम शिक्का मारतात तो डास मारल्यासारखा, म्हणून काकांनी गोड बोलून स्वतः मारायची परवानगी मिळवली होती. आज हातच नव्हता.

तो का मोडला, हे काकूंना कुणी सांगायला नको होतं. भांड्यांना जागा हवी म्हणून अल्बम माळ्यावर टाकले ते त्यांनीच. काका ते काढायला स्टुलावर चढले आणि उतरले ते एकदमच. तेव्हापासून रोज दुपारी काका आडवे झाले की काकू औषधाच्या बाटलीचं झाकण शाईत बुडवून रद्दीवर गोल उठवत बसायच्या. काकांनी ती रद्दी पाहिली होती. बोलले मात्र नव्हते.

"पाव शिक्का तिकिटाच्या कोपऱ्यावर, बाकीचा पाकिटावर," काका म्हणाले. "तारीख वाचता आली पाहिजे. आणि चित्रातल्या पक्ष्याच्या तोंडावर नको."

"माहितेय हो. जरा गप्प बसाल?"

काकूंनी श्वास रोखला आणि सगळा जीव एकवटून शिक्का हाणला. तो घसरला. तिकिटावरच्या पक्ष्याला झुपकेदार मिश्या फुटल्या आणि तारखेचा चिखल झाला.

काकूंचा चेहरा पडला. "मॅडम, दुसरं पाकीट द्या. आता तुम्हीच मारा. माझ्या हाताला यश नाही."

"पाकिटं संपली हो काकू. तिकीट तेवढं एक उरलंय."

काकांनी ते विकत घेतलं, जिभेला लावलं आणि डाव्या हाताने प्लास्टरवर, मनगटाच्या सपाट भागावर चिकटवलं. मग तो हात खिडकीच्या फळीवर ठेवला.

"मार," ते काकूंना म्हणाले.

"काका, टपाल सोडून कशावर शिक्का मारायचा नाही, असा नियम आहे," मॅडम म्हणाल्या.

"तिकीट लावलंय ना? मग टपालच झालं."

"आणि पत्ता?"

"पत्ता शेजारी उभा आहे."

मॅडम हसू दाबत ड्रॉवरमध्ये काहीबाही शोधू लागल्या.

आतलं हाड अजून जुळायचं होतं. या वेळी काकूंनी शिक्का हाणला नाही. तापलेल्या कपाळावर हात ठेवावा तसा अलगद टेकवला, जरा वेळ तसाच धरला आणि उचलला.

"दुखलं का हो?"

काकांनी खिशातून भिंग काढलं. कोपऱ्यावर पाव, बाकीचा बाहेर. पक्षी सुखरूप. तारखेचा आकडा न् आकडा वाचता येत होता.

"एवढ्या वर्षांत असा मलाही जमला नाही," ते म्हणाले.

काकूंनी मिश्यावाल्या पक्ष्याचं पाकीट चुरगळायला घेतलं. काकांनी ते हातातून काढून घेतलं आणि खिशात घातलं.

"काका, प्लास्टर काढतील त्या दिवशी काय करणार?" मॅडमनी विचारलं.

"डॉक्टरांना सांगेन, तेवढा तुकडा जपून कापा. अल्बममध्ये लावायचाय."

"एवढं जाड मावेल?"

"मावेल की. पण अल्बम माळ्यावर आहेत."

"उद्या खाली येतील," काकू म्हणाल्या. "भांडी जातील वर."