क्लचखाली

ग्लेंडाची लाल स्पोर्ट्‌स कार कधी सुरू व्हायची, कधी नाही. बिघाड सापडला नाही, की आम्ही ओहायोतले मेकॅनिक तो गिऱ्हाइकाच्या पायात शोधतो.

"क्लच पूर्ण दाबत जा गं! त्याशिवाय ही सुरूच होत नाही!"

"तीस वर्षं दाबतेय, वेंडेल! तासाभरात शर्यत आहे माझी. अक्कल शिकवू नकोस, गाडी बघ!"

तणतणत मीच आत बसलो. क्लचचं पेडल अर्ध्यावर अडलं. खालची चटई उपसून बाहेर फेकली, तरी अडलंच. काहीतरी मऊ लागत होतं.

"काय रे, पाय आहेत ना तुला?" ग्लेंडा खिडकीतून म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. दातओठ खाऊन पेडल तळापर्यंत रेटलं आणि किल्ली फिरवली. इंजिन गरजलं, आणि पेडलखाली कुणीतरी कळवळलं.

"उतर आता, उशीर होतोय!" ग्लेंडाने दार उघडलं.

पाय उचलायचा मला धीर होईना.