फुकटची पानं

'खरेदी करा' या बटणावर टेकता टेकता तिने बोट मागे घेतलं.

खरेदी झाली की नवऱ्याच्या फोनवर संदेश जायचा. घरातल्या सगळ्या फोनांवर खातं एकच, त्याचं. हा टॅबलेटही त्याचाच जुना, स्वयंपाकाच्या कृती बघायला दिलेला. पुस्तकाच्या नमुन्याची फुकट पानं उघडली तर मात्र त्याला काही कळत नाही. दोन प्रेमकथा चाळून तिने याची आधीच खात्री करून घेतली होती.

पुस्तकाचं नाव 'परगावी एकटी'. काम कुठे शोधायचं, पहिल्या रात्री कुठे उतरायचं, सगळं त्यात होतं. फक्त भाड्याच्या खोलीचं प्रकरण सुरू झालं की नमुना संपायचा.

नवरा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचा. "चोऱ्या वाढल्यात," म्हणायचा. "आणि आत आई आहेच लक्ष ठेवायला."

आई, म्हणजे तिच्या सासूबाई, दारासमोरच खुर्ची टाकून बसायच्या. हातात लेकाने दिलेला जुना फोन.

उद्या सासूबाईंना दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. नवरा दोघींना दवाखान्याच्या दारात सोडून गाडी लावायला जाणार. तेवढाच वेळ तिच्या हाताशी होता. पण बाहेर पडलं की सासूबाई तिचं मनगट घट्ट धरून ठेवायच्या. ते कसं सोडवायचं, एवढंच तिला सुचत नव्हतं.

"एवढं काय बघतेस गं त्यात?" सासूबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

"भाजी बघतेय, आई."

"चार दिवस एकच भाजी? शिजायची कधी ती?"

ती कसनुशी हसली आणि तिने पुन्हा पुस्तक उघडलं. पानाऐवजी पडद्यावर एक चौकट आली.

'आईचा फोन' यावर हे पुस्तक नमुन्याच्या शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहे. तिथे जायचं?

म्हणजे सासूबाईंना सगळं कळलं होतं. संध्याकाळी लेक घरी आला की त्याच्याही कानावर जाणार. उद्याचं बाहेर जाणं संपलं. टॅबलेटही संपला.

तिने मान वर केली. सासूबाई खुर्चीवरून उठून तिच्या अगदी जवळ येऊन उभ्या होत्या.

"मीपण विकत नाही घेतलं," त्या हळूच म्हणाल्या. "पण मेलं नेमकं तिथेच तुटतं. खोली दोघींना मिळून देतात का गं?"