मी न घातलेला प्रश्न

मी वर्गात घेतलेली अपूर्णांकांची ऑनलाइन क्विझ संपली, तरी पडद्यावर आणखी एक प्रश्न उमटला. तो मी घातलेला नव्हता.

‘बाईंनी ते फक्त कोणाला सांगितलं होतं?’

“सोप्पाय!” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. सगळ्या वर्गाने आपापल्या टॅबवर एकच पर्याय दाबला: ताईला. पडदा हिरवा झाला.

ताई माझी सख्खी बहीण. परवा स्वतःचा गळा चिमटीत धरून म्हणाली होती, “गळ्याशप्पथ, बबडे, कोणाला सांगणार नाही.” म्हणून तर मी पोटातलं ओठावर आणलं.

पुढचा प्रश्न आला. ‘काय सांगितलं होतं?’

मी वायरच उपटली. पडदा काळा झाला, तरी टॅबवर बोटं पडतच राहिली.

मग सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं आणि गळा चिमटीत धरला.

“गळ्याशप्पथ, बबडे.”