मोटारीचे बोळे

जसोदाबाई आली तेव्हा ड्रायव्हर सुपडू शेटजींच्या मोटारीच्या मागच्या दाराला मेण लावत होता. ती निंबाच्या सावलीत थांबली. त्याने वळून पाहिलं नाही.

"सुपडूदादा, वकीलनी कागद लिखी दिधा."

सुपडूने बोळा पुन्हा मेणात बुडवला. मुंबईच्या मेणाचा डबा इकडे मिळायचा नाही. म्हणून तो डोंगरातलं मेण, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन घरीच एकत्र करायचा. बोळेही घरचेच. मूठभर कापूस, वर शेटजींच्या जुन्या धोतराचं फडकं आणि सुतळीची गाठ.

"कसाना कागद?"

"तू पेटेल बिडी देखी नही, इतलंच लिखेल शे. तुन्हा अंगठा पाहिजे."

सुपडूचा हात दारावर गोल फिरत राहिला.

चार वर्षांपूर्वी भर दुपारी पारसमल शेटजींचं कापसाचं गोदाम जळालं होतं. जसोदाबाईचा नवरा धनसिंग तिथला राखणदार. आदल्या दिवशी शेटजी त्याला चारचौघांत बोलले होते. आग लागण्याआधी तो पेटती बिडी घेऊन गोदामातून बाहेर पडला, अशी साक्ष सुपडूने दिली. धनसिंगला दहा वर्षांची शिक्षा झाली.

आग लागली तेव्हा गोदामात मंगलाबाई होती, सुपडूची बायको.

"तो जेलमा खोकास, दादा. रगत पडस. डाक्टर म्हने, पानी पडापावत टिकाव नही. मरू दे, पन घरमा मरू दे."

"मन्ही मंगला घरमा मरनी का?"

जसोदाबाई खाली बसली. तोरणमाळच्या बाजूने ती दोन दिवस चालत आली होती, तिच्या टाचा फुटल्या होत्या.

"बिडी त्यान्या कानवर व्हती," ती म्हणाली. "तूच फौजदारले पहिले तसं सांगेल व्हतं."

ते खरं होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बिडी कानावर होती. फौजदाराने पुन्हा विचारलं तेव्हा ती हातात आली आणि कोर्टात पेटली. सुपडूला त्यात खोटं असं काही वाटलं नव्हतं. गोदामात चूल नव्हती, कंदील नव्हता. मंगलाबाईशिवाय तिथे धनसिंगच होता. आग कुठून तरी आलीच असणार.

"कागद ऱ्हाऊ दे तठे," तो म्हणाला. "मी अंगठा देवाव नही."

तिने तो मोटारीच्या पायरीवर ठेवला. "पाचनी सर्विस मोटर येवालगुन मी आठेच शे," म्हणाली आणि निंबाला टेकून डोळे मिटून घेतले.

मेण लावून झालं. दारात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत सुपडूने कोरडं फडकं मारलं. रिठ्याचं पाणी सकाळीच उकळून ठेवलं होतं. आता बोळे धुवायचे होते.

हे काम पूर्वी मंगलाबाईचं. ती बोळे सोडवायची, फडकी आणि कापूस वेगळे करून रिठ्यात चोळायची, पाणी नितळ येईपर्यंत खळबळायची आणि दोरीवर एकेक तुकडा लांब लांब वाळत घालायची. न धुता एकावर एक ठेवले की बोळे कोमट लागतात, म्हणायची.

"तुन्हा हातच गरम," सुपडू चिडवायचा.

"मंग तूच धू," ती म्हणायची आणि स्वतःच धुवायची.

फक्त त्या दिवशी राहिलं होतं. तिला ताप होता. खोलीचे पत्रे तापलेले, म्हणून त्याने तिला गोदामात कापसाच्या गासड्यांच्या आडोशाला, गारव्याला निजवलं. तेवढ्यात शेटजींनी मोटार मागवली. त्याने मळके बोळे एका पोत्यात कोंबले, पोतं गासड्यांमागे सारलं आणि तो गेला. तीन तासांनी परतला, तेव्हा धनसिंग गोदामाच्या दारातून बाहेर येत होता.

त्यानंतर चार वर्षांत सुपडूने बोळे धुवायला एकदाही चुकवलं नाही. पाणी नितळ आलं की त्याला वाटायचं, ती बघते आहे.

"सुपडू," वरून शेटजींनी हाक मारली. "टेशनवर जा. पाव्हणे येत शेत."

"बोळा धोवाना शेत, शेटजी."

"बोळा पळी जातस का? गाडीना टाइम व्हयी गया."

सुपडूने बोळे गोळा केले. हात तेलकट होते आणि जवळ स्वच्छ फडकं उरलं नव्हतं. पायरीवरचा कागद त्याने उचलला, जसोदाबाईकडे एकदा पाहिलं, आणि त्याच कागदात बोळे गुंडाळले. पुरचुंडी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दाबून बसवली. डबा खोलीत ठेवला, खोलीला कुलूप घातलं. जसोदाबाईने डोळे उघडले होते.

आगगाडी उशिरा आली. पाहुण्यांना घेऊन सुपडू परतला तेव्हा साडेचार वाजले होते. एक पाहुणा मोटारीच्या दारात वाकून पगडी नीट करत म्हणाला, "आरसा शे, पारसमलजी." शेटजी हसले.

जसोदाबाई निंबाखाली तशीच बसली होती. सुपडूने तिच्याकडे न पाहता कुलूप काढलं. चूल सकाळपासून थंड होती. खोलीत कसला तरी वास कोंडला होता. त्या दुपारी गोदामाच्या दाराशी आला होता तसाच. त्याने डब्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग धोतराच्या सोग्याने झाकण उचललं. कागदाचा कोळसा झाला होता. खाली बोळे आतून लाल दिसत होते, आणि वारा लागताच, कोणी काडी न ओढता, त्यांतून ज्योत वर आली.