तेलात घालायचा हात

हिंदुरावाच्या घरी राहायचं नाही, असं संपतनं सकाळी उठल्या उठल्या जाहीर केलं आणि वळकटी काखोटीला मारली.

मुक्ताबाईनं कपाळावर हात मारला. हिंदुराव तिचा चुलतभाऊ, सरकारी पागेत घोडी सांभाळायचा. भवानी पेठेत लहानसं का होईना, सारवलेलं घर होतं, वर चूल पेटलेली. एवढ्या मोठ्या पुण्यात दुसरी ओळख ना पाळख, आणि आपला नवरा भरल्या घरातून उठून निघालाय!

बरं, ती दोघं काही पुणं बघायला आली नव्हती. संपतचा धाकटा भाऊ सोनबा उन्हाळ्यात विहिरीत पडून मेला. त्याची बायको सोजरबाई गोतसभेपुढं उभी राहून म्हणाली, पडला न्हाई, थोरल्यानं ढकलला. बघणारं कुणी नव्हतं. गोतानं डोकं खाजवलं आणि निवाडा देवावर सोपवला. संपतनं पुण्याला जाऊन दिव्य करायचं, म्हणजे उकळत्या तेलात हात घालून तळाचा धातूचा तुकडा काढायचा. हात निर्मळ राहिला तर तो खरा. भाजला तर खुनी, मग गडावरून कडेलोट ठरलेला.

बिनसलं ते आदल्या दिवशी जेवताना. हिंदुरावाची बायको शकू भाकरी वाढता वाढता म्हणाली, पागेतले नालबंद हाताला एक रस लावतात. कोरफडीत कसलासा पाला वाटायचा आणि हाताच्या कातडीत मुरवायचा. मग तापला नाल धरला तरी फोड येत नाही, आणि हात धुतला तरी रस उतरत नाही. दाजींनी लावावा. हिंदुरावानंही री ओढली, लावा की, कुणाच्या बापाला कळतंय!

संपतचा घास हातातच राहिला. "ज्या घरात हा पाला हाय, तिथं मी ऱ्हाणार न्हाई," तो म्हणाला.

मुक्ताला राग आला आणि ऊरही भरून आला. असा नवरा खुनी? जीभ झडो त्या सोजरीची.

मग जागेसाठी वणवण सुरू झाली. धर्मशाळा यात्रेकरूंनी भरलेल्या. सदाशिव पेठेत एका पडवीशी विचारलं, तर आनंदीबाई नावाच्या म्हातारीनं कुठले, कशासाठी, सगळं खोदून विचारलं. दिव्याचं नाव काढल्यावर म्हणाली, "जागा आहे हो. पण परत याल असं आपलं आपल्याला वाटत असेल, तरच सामान ठेवा."

शेवटी संपतनं नदीकाठच्या देवळातली ओवरी पसंत केली. खाली थंडगार फरशी, वर पारव्यांची घाण. मुक्ता कुरकुरली, तर म्हणाला, देवाच्या नजरेसमोर राहू, त्याला शोधावं लागायला नको.

दिव्याला अजून अवकाश होता. मुक्ताला अन्न गोड लागेना, पण संपत तिला घेऊन गावभर फिरला. पर्वतीच्या पायऱ्या चढवल्या, सरकारी हत्ती दाखवले, बुधवारात हिरव्या बांगड्या भरल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढे लाड त्यानं कधी केले नव्हते. एकदा हडपसरच्या वाटेवर नेऊन उभं केलं आणि म्हणाला, ही वाट तुझ्या माहेरची, एकलीला सापडंल न्हवं? "एकली कशापायी जाईन मी?" तिनं विचारलं. तो माघारी वळून चालायला लागला.

त्याच दुपारी, पाणी आणायच्या निमित्तानं, ती शकूकडं गेली.

देव खऱ्याला राखतो, हे ती कशाला नाकारील? पण तेल ते तेल. त्याला कुणाचं खरंखोटं काय कळतंय? नवरा साधा, हट्टी, खरेपणापायी हात गमावून बसायचा आणि वर कडेलोट व्हायचा. संपत दुपारचा डुलकी घेई तेव्हा ती त्याच्या उजव्या हातावर रस चोळत बसायची. एकदा तो जागा झाला आणि काय करतेस म्हणाला. तिनं सांगितलं, वाटेची धूळ पुसत्ये. तो तिच्याकडं बघत राहिला आणि पुन्हा डोळे मिटून पडला.

दिव्याच्या दिवशी काठावर ही गर्दी! सरकारी माणसानं संपतची नखं काढली, हात रिठ्यानं खसाखसा धुतला, कपाळाला आरोपाचा कागद बांधला. मुक्तानं पदर तोंडात कोंबला. संपतनं एकदा देवळाकडं पाहिलं आणि हात कढईत घातला. तुकडा बाहेर पडला तसा हात पिशवीत घालून वर मोहोर केली.

तिसऱ्या दिवशी पंचांसमोर पिशवी सोडली. हात निर्मळ.

लोकांनी देवाचा जयजयकार केला. फिर्यादी म्हणून आलेल्या सोजरबाईला संपतच्या पायांवर डोकं ठेवावं लागलं. खोटं कुभांड रचलं म्हणून तिनं पोरांसकट गाव सोडावं, असा हुकूम झाला. ती रडली नाही. संपतच्या हाताकडं तेवढी बघत राहिली. मुक्ताला तिची कीव आली, पण आपलं कुंकू राखल्याचं समाधान त्याहून मोठं होतं. आपण काय केलं ते मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

त्याच पावली दोघं गावाकडं निघाली. शहर मागं पडलं तसा संपत वाटेकडेच्या दगडावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मुक्तानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आता कशाला रडता, म्हणाली, सुटलासा न्हवं?

"सुटलो," तो म्हणाला. डोळे वाहत होते आणि तोंडावर हसू होतं. कितीतरी दिवसांनी ती ते पाहत होती. "गोतापुढं बोलायची छाती झाली न्हाई, मुक्ते. म्हटलं, देवच हात जाळून सांगंल, म्हणून इथवर आलो. पर त्यानं माफ केलं बघ. सोनबाला मीच ढकललं, तरी माफ केलं."