कालचा डबा

“तायडेभाऊ,” वॉकीटॉकीवर ड्रायव्हर इस्माईल म्हणाला, “आत्ता तुमच्या क्वार्टरवरून पुढे आलो. दारात माणसं जमलीत. वहिनी सकाळी गेल्या.”

नवं इंजिन इतकं पळायचं की मालगाडीचं शेपूट एक दिवस मागे राहायचं. इंजिनात आज असायचा, गार्डाच्या डब्यात अजून कालच चालू असायचा.

“तुमच्याकडे त्या आहेत अजून. डोळे भरून बघून घ्या. पण ब्रेक लावू नका, गाडी थांबली की आज तुम्हाला गाठेल.”

तायडे गार्डाच्या डब्याच्या दारात आले. बायको शेवंता रोजच्यासारखी क्वार्टरच्या कुंपणापाशी उभी होती. त्यांनी हिरवं निशाण दाखवलं की मगच ती आत जाऊन भात टाकायची.

माणूस संकटात दिसला की गाडी थांबवायची, हे तायड्यांच्या हाडात मुरलेलं. हात आपसूक ब्रेककडे गेला.

ते उतरून धावले, तेव्हा कुंपणापाशी तिरडी बांधणं चाललं होतं.

पुढे हीच चूक एकेक करत सगळ्या गार्डांनी केली, तेव्हा रेल्वेने ते डबेच काढून टाकले. आता मालगाडीच्या शेवटी नुसता लाल दिवा लुकलुकतो. कुंपणापाशी उभे राहून तायडे त्यालाच हिरवं निशाण दाखवतात, आणि मग आत जाऊन भात टाकतात.